थोरली दुपारची नसते

तांब्याच्या पत्र्यावर चेहरे उठवण्याचं काम मी तीसेक वर्षं करतेय. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला असेल, तर 'या कामामागची प्रेरणा काय?' या प्रश्नाचा. प्रदर्शन लागलं की कुणीतरी तो विचारतंच. माझा एक मित्र जलरंगात काम करतो. नाशकातल्या अंबडला एका वर्कशॉपच्या मागचा गाळा आम्ही दोघांनी मिळून घेतलाय. त्याला हा प्रश्न फार आवडतो. तो खुर्चीत मागे रेलतो, डोळे मिटतो आणि थेट बालपणापासून सुरुवात करतो. मी म्हणते, पत्रा शिल्लक होता म्हणून केलं. लोक हसतात आणि माझी सुटका होते.

गेल्या वर्षी मात्र झाली नाही. ती का झाली नाही हे सांगायचं तर आधी माझ्या आईच्या गळ्यातल्या टाकाबद्दल सांगायला हवं.

माझी आई वडिलांची दुसरी बायको. वडील मखमलाबादचे, घरचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, गुलाब तोडून सकाळी नाशकात विकायला आणायचे. त्यांची पहिली बायको लग्नानंतर वर्षाच्या आत कसल्याशा तापानं गेली आणि पुढच्या लगीनसराईत माझी आई त्या घरात आली. मांडवात सासूनं तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्याही आधी काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक बांधला. तो पहिलीचा. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे गेलेली रागावत नाही, अशी आमच्याकडे रीत होती.

टाक म्हणजे अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा चांदीचा पातळ पत्रा. त्यावर ठशानं उठवलेली एक बाई, गोल तोंड, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, हात जोडलेले. सराफाकडे तयार मिळतो. गेलेली बाई काळी होती की गोरी, उंच होती की ठेंगणी, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. एकाच ठशातली बाई कितीतरी जणींच्या गळ्यात असते.

आई तिला थोरली म्हणायची. नवं लुगडं आलं की आधी थोरलीला लावायचं, मग नेसायचं. हळदीकुंकू आधी थोरलीला. ताटातला पहिला घास आधी थोरलीला दाखवायचा. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली, एक तान्हं असताना आणि एक रांगायला लागल्यावर. पहिल्या वेळी आईनं नव्या बांगड्या थोरलीला न दाखवता भरल्या होत्या, असं घरात ठरलं. दुसऱ्या वेळी काय चुकलं ते कुणाला आठवेना, पण काहीतरी चुकलंच असणार, असंही ठरलं. मी जगले ती थोरलीनं जगू दिलं म्हणून, हे आईनं मला इतक्या वेळा सांगितलंय की शाळेच्या वयात मला त्या बाईचा संताप यायचा. पहिला नंबर मी आणायचा आणि पेढा आधी तिला. वडिलांसमोर तिचा विषय निघाला की ते उठून मळ्यात जात. तिचा फोटो नव्हता. आईनं तिला कधी पाहिलेलंच नव्हतं.

वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मळ्याच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि आई माझ्याकडे, पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये आली. टाक अर्थातच बरोबर आला.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी नवं काम सुरू केलं. माझी कामाची पद्धत जुनीच आहे. पत्रा शेगडीवर लाल करायचा, म्हणजे तो नरम पडतो. मग राळेच्या दबणाऱ्या थरावर पालथा बसवून पाठीमागून ठोकत जायचं. चेहरा घडतो पुढच्या बाजूला, पण घडवताना मी तो बघत असते आतून. माझ्या बाजूला नाक म्हणजे खळगा आणि कपाळ म्हणजे उथळ वाटी. अगदी शेवटी पत्रा सुलटा करून थोडी सफाई करायची. समोर फोटो किंवा चित्र मी ठेवत नाही. हाताला येईल तो चेहरा येऊ देते.

तिसरा पत्रा झाला तेव्हा मित्रानं ब्रश धुता धुता विचारलं, की तू एकच बाई का करत सुटली आहेस? मी त्याला वेड्यात काढलं. त्यानं तिन्ही पत्रे एका ओळीत लावून दाखवले. तेच बुटकं कपाळ, तीच लहानशी हनुवटी, आणि एका डोळ्याची पापणी अर्धी खाली उतरलेली. मला माझाच राग आला. चौथ्या पत्र्यावर मी मुद्दाम एक म्हातारा करायला घेतला, भरघोस मिशांचा. मिशा छान जमल्या. पण सुलटा करून पाहिला तर मिशांच्या वर तीच पापणी उतरलेली होती, आणि मिशीआडून तीच पोरगी बघत होती. तो पत्रा मी शेगडीवर टाकला आणि ठोकून सपाट केला.

तयार पत्रे मी भिंतीला उलटे टेकवून ठेवते, खोलगट बाजू बाहेर. खोलगट चेहऱ्याची एक गंमत असते. थोडं लांबून पाहिलं की तो खोलगट वाटत नाही, उठावाचाच वाटतो, आणि आपण इकडून तिकडे गेलो की तोंड वळवून आपल्याकडे बघत राहतो. हा निव्वळ डोळ्यांचा खेळ आहे. मी तो कितीतरी विद्यार्थ्यांना समजावून सांगितलाय, मित्रालाही सांगितलाय. तरी त्यानं एक दिवस स्वतःचं टेबल फिरवून घेतलं. मग पाठ त्या चेहऱ्यांकडे होते म्हणून परत होतं तसं केलं. शेवटी घरून एक जुनी चादर आणून त्यांच्यावर टाकली आणि मला म्हणाला, की धूळ बसते गं.

त्याच सुमाराला आई एकदा जेवताना म्हणाली, "हल्ली थोरली दुपारची नसते."

मी विचारलं, नसते म्हणजे काय? आई म्हणाली, गळ्याला ओझं लागत नाही. सकाळी असते, दिवेलागणीला परत येते. मधल्या वेळात नुसता टाक असतो. हे तिनं भाजीत मीठ कमी आहे अशा आवाजात सांगितलं. मी तिला रक्तदाबाच्या गोळीची आठवण केली आणि ताट उचललं. मी गाळ्यावर जाते ती दुपारीच. दुसऱ्या दिवशी हातोडी उचलताना मला ते आठवलं आणि मी गाळ्याचं शटर, जे एरवी अर्धं ओढून घेते, ते पूर्ण वर केलं.

आईला माझ्या कामात कधीच रस नव्हता. तांबं ठोकतेच आहेस तर एखादी कळशी तरी कर, एवढंच तिचं म्हणणं. गुडघ्यांमुळे ती फारशी बाहेरही पडत नसे. त्यामुळे हे चेहरे तिनं पाहिले नव्हते आणि मीही त्यांचा तिच्यापाशी विषय काढला नव्हता.

गंगापूर रोडवरच्या एका छोट्या दालनात आमचं दोघांचं मिळून प्रदर्शन लागलं. निमंत्रणावर माझ्या पत्र्यांतला सगळ्यात मोठा चेहरा छापला होता, आणि ते मोबाइलवरून बरंच फिरलं. पहिल्या संध्याकाळी आम्हा दोघांशी गप्पा ठेवल्या होत्या. पाच-सहा ओळी खुर्च्या, बऱ्याचशा भरलेल्या. मित्र बालपणापासून निघाला आणि गोदाघाटाच्या पायऱ्यांवर अर्धा तास रेंगाळला. मग माझी पाळी आली. एका मुलीनं विचारलं, या सगळ्या एकाच स्त्रीच्या छटा आहेत का, आणि ती तुम्हाला कुठे भेटली? मी म्हटलं, कुठेच नाही, पत्र्यातून आली. लोक हसले.

दुसऱ्या ओळीतली एक म्हातारी हसली नाही. नऊवारी नेसलेली, सत्तरीच्या पुढची. ती उभी राहिली आणि म्हणाली, "पत्र्यातनं नाय आली. ही माझी बहीण हाय."

शेजारी बसलेली तिची सून संकोचली. ती चांदवडकडच्या शाळेत शिक्षिका होती. शिक्षकांच्या एका ग्रुपवर तिला निमंत्रण आलं होतं आणि तिनं सहज सासूला दाखवलं होतं. तेव्हापासून ह्या नीट जेवल्या नाहीत, इथे आणल्याशिवाय सोडेनात, माफ करा, असं ती सांगत होती. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, की असं साम्य वाटतं कधीकधी. म्हातारीनं मान हलवली. म्हणाली, साम्य नाही. तीच आहे, फक्त डोळा चुकलाय. तिची डावी पापणी पडलेली होती, तुम्ही उजवी पाडलीत.

ती पापणी मी पाठीमागून घडवली होती, आणि आतून जी डावी दिसते ती पुढून उजवी होते. घडवताना माझ्या डोळ्यांसमोर होती ती डावीच. मी उठले, भिंतीवरचा मोठा पत्रा काढला आणि खोलगट बाजू बाहेर करून पुन्हा टांगला.

दिव्याच्या उजेडात तो खळगा भरून आला. म्हातारी दोन खुर्च्यांच्या मधून पुढे आली. ती डावीकडे सरकली, चेहरा तिच्याकडे वळला. उजवीकडे सरकली, तो पुन्हा वळला. म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "हीच."

मग चहाच्या टेबलापाशी, निमंत्रणावरच्या माझ्या आडनावाचा धागा धरून, तिनं मला विचारलं, की तुमच्या वडलांचा मखमलाबादला फुलांचा मळा होता का? माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. त्या संध्याकाळी तोपर्यंत, खरं सांगते, मला थोरलीची आठवणही झाली नव्हती. माझ्या लेखी थोरली म्हणजे गोल तोंडाची, दोन टिंबांच्या डोळ्यांची चांदीची बाई होती.

म्हातारीनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. बहीण तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. पापणी जन्मापासून पडलेली. बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांच्या आईनं तिला बजावलं होतं की मान वर करायची नाही. ती लाजते म्हणून पाहुण्यांना कौतुक वाटलं आणि लग्न ठरलं. पापणीचं सासरी कळलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. पुढे कुणी त्यावर बोललं नाही. वर्षाच्या आत निरोप आला तो सगळं उरकल्यावरच. तिचा एकही फोटो नव्हता. त्यांची आई म्हातारपणी रोज म्हणायची, की मला माझ्या पोरीचं तोंड आठवंना झालं.

मित्र हे सगळं ऐकत उभा होता. नंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, की वडिलांनी तुला लहानपणी कधीतरी सांगितलं असणार, तू विसरलीस, हात विसरले नाहीत. त्याला ही कल्पना आवडली होती. मी त्याला सांगितलं, माझ्या वडिलांनी त्या बाईचं नावसुद्धा माझ्यासमोर कधी घेतलं नाही. पापणीचं तर माझ्या आईलाही माहीत नाही. प्रेरणेवर काही न बोलता उभं राहिलेलं मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

म्हातारीला माझ्या आईला भेटायचं होतं. मी नाही म्हटलं. तिची तब्येत बरी नसते, असं काहीतरी सांगितलं. खरी गोष्ट ही, की मला भीती वाटत होती. आईच्या मनातली थोरली म्हणजे दोन मुलं घेऊन जाणारी बाई. तिला तोंड नव्हतं, म्हणूनच आई तिला गळ्यात बांधून एवढी वर्षं जगू शकली होती. आता या वयात तिला ते तोंड दाखवायचं, आणि ते तोंड असं की जाल तिकडे बघत राहणारं? आईनं त्याचा धसका घेतला असता तर मी कुणाच्या तोंडाकडे बघणार होते?

म्हातारी मला नीट न्याहाळत होती. म्हणाली, "आमची पोर साठ वर्सं तुमच्या आईच्या गळ्यात हाय. तिला न इचारता तुम्ही ती भिंतीला लावली. आता तरी इचारा."

घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. मी गप्प झाल्यावर तिनं एकच विचारलं, की रागावलेली दिसते का? मी म्हटलं, मला नाही सांगता येत, तूच बघ. सकाळी उठून पाहते तर आईनं कपाटातून ठेवणीतली साडी काढली होती. तिचा काठ तिनं टाकाला लावला, साडी नेसली आणि दाराशी येऊन माझी वाट बघत बसली.

रिक्षात तिनं माझा हात धरून ठेवला होता. दालन नुकतंच उघडलं होतं. आत मित्र होता, आणि रात्री नातेवाइकांकडे राहिलेल्या म्हातारी नि तिची सून होत्या. आईची आणि म्हातारीची ओळख करून द्यावी असं माझ्या मनात होतं, पण आई कुणाकडे न बघता सरळ त्या पत्र्याकडे चालत गेली. मी तिच्या मागोमाग, धरायच्या तयारीत. खोलगट चेहरा तिला सामोरा होता. आई एका बाजूला झाली, तो वळला. दुसऱ्या बाजूला झाली, तो वळला. मग आई जागेवर उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

"अगं, ही तर पोर आहे," आई म्हणाली. "एवढीशी. मी हिला घाबरत होते?"

आईचं वय ऐंशीला टेकलेलं, आणि समोरची अठरा-एकोणीसच्या पुढची नव्हती. थोरली, थोरली म्हणता म्हणता आई तिच्या आजीच्या वयाची झाली होती, आणि हे आमच्या घरात कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आई वळली. म्हातारी पुढे होऊन तिच्या पाया पडली आणि तिला आक्का म्हणाली. बहिणीच्या जागी आलेली ती बहीणच, या हिशेबानं. आईनं गळ्याशी हात नेला आणि टाकाच्या दोऱ्याची गाठ सोडू लागली. इतक्या वर्षांची गाठ, ती कसली सुटते. शेवटी मित्रानं कागद कापायच्या सुरीनं दोरा कापला. आईनं टाक म्हातारीच्या ओंजळीत ठेवला.

"ही सासरी आली ती एकदाही माहेरी गेली नाही," आई म्हणाली. "घेऊन जा हिला."

मोठा पत्राही मी चादरीत गुंडाळून त्यांच्याबरोबर दिला. चांदवडला पोचल्यावर सुनेचा फोन आला, की देव्हाऱ्याशेजारी लावलाय, खोलगट बाजूच बाहेर, आणि सासूबाई आज पोटभर जेवल्या.

मला वाटलं होतं, आता आई मोकळी होईल. झालं उलटंच. तिचा हात सारखा गळ्याशी जायचा आणि तिथे काही नाही म्हणून खाली यायचा. पहिला घास हातात धरून ती थांबायची. संक्रांतीला मी नवी साडी आणली, ती तशीच घडी घालून मांडीवर घेऊन बसली. कुणाला दाखवू, असं तिनं मला विचारलं नाही, पण तिच्या तोंडावर तेच होतं. मला ते बघवत नव्हतं. या बाईचा मी जन्मभर राग केला, आणि आता ती घरात नाही म्हणून घर मलाही ओकंबोकं लागत होतं.

एका दुपारी आई म्हणाली, मला गाळ्यावर ने. ती पहिल्यांदाच तिथे आली. मित्राच्या स्टुलावर बसली, शेगडी बघितली, राळ बघितली आणि म्हणाली, "दुसरी कर. मला."

मी पत्रा लाल केला, पालथा बसवला आणि ठोकायला घेतला. कपाळ आलं, हनुवटी आली. डोळ्यांपाशी आले तेव्हा हात चांगला चालत होता. सुलटा करून आईसमोर धरला. काम बरं होतं, पण ती कुणीतरी दुसरीच बाई होती, दोन्ही पापण्या उघड्या असलेली. मी दुसरा पत्रा घेतला. आता मला पापणी कशी पडलेली होती ते पाठ होतं, डावी कुठली उजवी कुठली तेही माहीत होतं. मी ती मोजूनमापून पाडली. चेहरा झाला, पण त्या चेहऱ्यात कुणीच नव्हतं. मी तिसरा पत्रा उचलला तेव्हा आईनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "ती गेली."

आणि माझी आई रडायला लागली. आत्या मला नेहमी सांगायची, की दोन्ही मुलं गेली तेव्हा आईच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नव्हतं. थोरलीनं नेलेल्यांसाठी थोरलीसमोर रडायचं कसं, म्हणून. त्या दुपारी ती आधी थोरलीसाठी रडली, मग एकेकाचं नाव घेऊन त्या दोघांसाठी रडली. त्यांना नावं होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.